साठाव्या हप्त्याचं कार्ड

अक्का, तू गेल्याचा फोन कारखान्यात आला. तुझ्या शाळेच्या हेडसरांनी सोनगीरच्या एसटीडी बूथवरून केला होता. ते म्हणाले, "ताई, सकाळी गेल्या. झोपेतच. त्रास झाला नाही." आणि मी त्यांना विचारलं, "माझं पोस्टकार्ड पोचलं होतं का?"

मग ते म्हणाले, "काय विचारताय, कळलं नाही." मी म्हटलं, काही नाही सर, निघते. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. सख्खी आत्या गेली आणि ही पोस्टाची चौकशी करते. पण तू ऐकलं असतंस तर तुला कळलं असतं की मी काय विचारत होते. तुझ्याशिवाय ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

जळगावहून धुळ्याची एसटी आणि तिथून सोनगीर. खिडकीशी बसून मी तेवढंच मोजत होते: कार्ड सोमवारी टाकलं, धुळ्याला बुधवारी, सोनगीरला गुरुवारी. फार तर शनिवारी. तू गेलीस मंगळवारी. पोचलं असायला हवं.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू झालं त्या जूनमध्ये तू आमच्याकडे जळगावला आली होतीस. बारावीचा निकाल लागला होता आणि सरकारी कॉलेजची जागा माझी थोडक्यात हुकली होती. धुळ्याला नुकतंच एक विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं. इमारत अर्धी, वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये, आणि वर्षाची फी भाऊंच्या आठ महिन्यांच्या पगाराइतकी. भाऊ, म्हणजे माझे वडील, डाळ मिलमध्ये कारकून. मालकाच्या मुली जात म्हणून त्यांनी मलाही कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं आणि त्या फीनेच त्यांची कंबर वाकलेली होती. माझ्या लग्नासाठी पोस्टात टाकलेले पैसे काढावेत, असं ते म्हणाले. आई म्हणाली, मग लग्न कशात करायचं? मी म्हणाले, मी इथेच बीएस्सी करते. खरं तर मी तसं म्हणाले नव्हते. "चालेल," इतकंच म्हणाले होते.

तू म्हणालीस, "बँकना कर्ज काढा. पोरना नाववर."

भाऊ उठून उभे राहिले. "अक्का, पोरीच्या नावावर कर्ज? उद्या कोण करेल तिला?"

"माले ट्रेनिंगले जेठनी एकशेवीस रुपया दिधात," तू म्हणालीस. नवरा गेल्यावर थोरल्या दिरांकडून पैसे घेऊन तू मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलीस तेव्हाची ही गोष्ट, आम्हाला पाठ होती. "वीस वरीस व्हई गयात. प्रत्येक लगीनमा तो चार लोकेसमा सांगस, हिले मी शिकाडं. बँक साठ हप्ता मांगस. साठ व्हयनात का चूप बसस. मना जेठ आजून चूप नही."

आई हसली, भाऊ हसले नाहीत. मी विचारलं, "अक्का, पण फी खूप जास्त आहे ना?" त्या दिवसातलं माझं तेवढं एकच पूर्ण वाक्य.

"जास्तीच शे," तू म्हणालीस. "पन तू कमी शे का?"

धुळ्याच्या बँकेत मात्र तू शाळेतली भाषा बोललीस. घरी अहिराणी आणि टेबलापलीकडच्या माणसाशी पुस्तकातली मराठी, हा तुझा नियम. मॅनेजरने फॉर्म चाळला आणि विचारलं, "जामीनदार म्हणून घरातलं कुणी पुरुष माणूस नाही का?" तू म्हणालीस, "आहेत ना. त्यांच्याकडे पगाराचा दाखला नाही. माझ्याकडे आहे." त्याने दाखला वाचला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. तू पर्समधून स्वतःचं पेन काढलंस. त्याच्या पेनाने सही केली नाहीस. माझ्या सहीखाली तुझी सही. मी अठरा वर्षांची होते आणि आयुष्यातली ती माझी दुसरीच सही असावी, त्यामुळे ती अगदी शाळकरी आली.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "तुनं कर्ज, तुनी सही. मनी सही खाले शे. तू पडनी तं मी पडसु. ध्यानमा ठेव." चेहऱ्यावर काळजी नव्हती, धमकीही नव्हती. वर्गात नियम सांगावा तसं सांगितलंस आणि उसाचा रस पाजलास.

कॉलेजची चार वर्षं मी दर दुसऱ्या शनिवारी सोनगीरला येत होते. किल्ल्याच्या बाजूची तुझी खोली, चुलीवरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीची चटणी. तू अहिराणीत विचारायचीस, मी कॉन्व्हेंटच्या मराठीत उत्तर द्यायचे, आणि शेजारच्या बाया दारात उभ्या राहून ऐकायच्या. "अक्का, तुनी भाची रेडिओसारखी बोलस," असं एकजण म्हणाली होती. तू म्हणालीस, "रेडिओ बोलस तरी. हाई कोठे बोलस?"

हे तू थट्टेने म्हणालीस, पण खरं होतं. मला प्रश्न समजायचा, उत्तरही यायचं. फक्त हात वर करायची हिंमत होत नसे.

नोकरी जळगावलाच लागली, पाइपच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. पाइपमध्ये पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि तो कुठे फुटतो ते लिहायचं. काम मला आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. पहिल्या पगारातून पहिला हप्ता गेला. आणि पाचव्या दिवशी तुझं पहिलं पोस्टकार्ड आलं, कारखान्याच्या पत्त्यावर. मोठ्या, गोल, फळ्यावरच्या अक्षरात: हप्ता गेला का? खाली अक्का. बस.

ते कार्ड गेटवरच्या वॉचमनने वाचलं, टपाल वाटणाऱ्या शिपायाने वाचलं, आमच्या साहेबांनीही वाचलं असणार. "मॅडम, कसला हप्ता? स्कूटर घेतली का?" मी मान हलवली आणि त्या रविवारी तुझ्यासाठी अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा घेऊन आले. "अक्का, यात लिहीत जा. बंद असतं." तू गठ्ठा ठेवून घेतलास आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कार्ड. विचारलं तर म्हणालीस, "चोरीना कर्ज शे का?"

मी उत्तर लिहायचे ते मात्र बंद पाकिटात. आत एका कागदावर एकच शब्द: गेला.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. आपण दोघींनी ते नंतर कधी नीट काढलं नाही.

नोकरीला अकरा महिने झाले होते. चोपड्याचं स्थळ आलं. केळीचा बाग, ट्रॅक्टर, मुलगा बीकॉम होऊन शेतीच बघतो. बघण्याच्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट विचारली. "इंग्लिश मीडियम ना? म्हणजे भांडण झालं तर आम्हाला कळायचं नाही." सगळे हसले, मीही हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण नंतर तासभर तो घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत बसला आणि माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. मला त्याच्याविषयी राग आला नाही, काहीच आलं नाही. हे कुणाला कसं सांगायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

लग्नाची यादी करायची ठरली, त्याच्या आदल्या दुपारी तू आलीस. आपण दोघी मेथी निवडत बसलो होतो. तू विचारलंस, "तुले तो पोर्‍या पसंद शे का?"

मी म्हणाले, "भाऊ म्हणतील तसं."

"भाऊले नही इचारं मी."

मी मेथीच्या काड्या बाजूला करत राहिले. तू काड्या गोळा करून उठलीस.

दुसऱ्या दिवशी चोपड्याची सात माणसं आली. आपल्याकडे लग्न ठरताना कुणी काय करायचं याची यादी लिहितात. मांडव कुणाचा, जेवणं किती, कपडे, भांडी, सगळं दोन प्रतींत लिहायचं, त्यावर कुंकू लावायचं आणि मग सुपारी फोडायची. सुपारी फुटली की शब्द पक्का. मुलाचे मामा लिहायला बसले, कारण त्यांचं अक्षर चांगलं. तू बैठकीत बसली नव्हतीस. विधवेने अशा वेळी पुढे बसू नये म्हणून तू स्वतःच आतल्या दाराच्या उंबऱ्याशी बसली होतीस, आणि मी तुझ्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते, कधी बोलावतात त्याची वाट बघत.

मामा लिहितानाच मोठ्याने म्हणत होते. "मांडव मुलीकडे. नवरदेवाला सफारी एक, बूट-मोजे, घड्याळ. वऱ्हाडाला दोन वेळचं जेवण."

भाऊंनी हळूच विचारलं, "मुलीच्या नोकरीचं तुमच्या मनात काय आहे?"

मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत होते, ते हसले. "नोकरी कशाला? आमच्याकडे घड तोडणीच्या दिवसांत माणसं पुरत नाहीत. शिकलेली सून, घरातलं सगळं बघेल."

कर्जाचं भाऊंनी चोपड्याला कळवलंच नव्हतं. लग्न झाल्यावर काहीतरी करून स्वतः भरू, असा त्यांचा विचार होता. काहीतरी म्हणजे काय, ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

तेव्हा तू उंबऱ्यावरून बोललीस. शाळेतल्या भाषेत.

"मामा, अजून एक ओळ लिहा."

"सांगा बाई."

"मुलीवर कॉलेजचं बँकेचं कर्ज आहे. एकोणपन्नास हप्ते राहिलेत. ते तिच्या पगारातून जातील. तोवर ती नोकरी करेल."

मामांनी पेन कागदावरून उचललं. "हे यादीत लिहीत नाहीत बाई."

"बूट-मोजे लिहिलेत तुम्ही. त्याहून हे मोठं आहे."

आबांनी मान वळवून पहिल्यांदा तुझ्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई, जामीन कोण आहे?"

"मी."

"म्हणजे तुम्हाला तुमच्या पगाराची काळजी."

"आहे ना," तू म्हणालीस.

कुणीतरी हसलं. आबा म्हणाले, घरी विचार करून कळवतो. पोहे सगळ्यांनी खाल्ले, चहाही घेतला, ट्रे मीच फिरवला. कळवलं मात्र नाही. कुंकवाची वाटी तशीच राहिली आणि सुपाऱ्या आईने परत डब्यात टाकल्या.

ते गेल्यावर घरात कुणी तुझ्याशी बोलेना. भाऊ ओट्यावर जाऊन बसले. आणि मी, जिने आदल्या दुपारी एक शब्द काढला नव्हता, तुझ्यासमोर येऊन म्हणाले, "ते आबा बरोबर बोलले. तुम्हाला तुमच्या पगाराचीच काळजी होती."

तुला जन्मापासून मी तू म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

तू पिशवी भरत होतीस. "व्हती," म्हणालीस. "मना पगार शे, माले काळजी नही व्हई तं कोनले व्हई?" मग पिशवीला गाठ मारून म्हणालीस, "मी तुले इचारं व्हतं. तू बोलनी नही, म्हनीसन माले बोलनं पडनं."

आणि दुपारच्या एसटीने गेलीस.

हा वाद माझ्याकडून अजून संपलेला नाही, अक्का. मला अजूनही वाटतं की तू आधी मला सांगायला हवं होतंस, की मी हे असं सगळ्यांसमोर बोलणार आहे. माझ्या आयुष्यातली गोष्ट मला ट्रे हातात असताना ऐकावी लागली. तू असतीस तर आपण यावर आणखी पाच वर्षं भांडलो असतो, आणि तू म्हणाली असतीस, सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस. अडवलं असतं, हे खरं आहे.

पण जे मी तुला सांगितलं नाही ते हे. मामांनी पेन उचललं तेव्हा माझ्या हातातला ट्रे जड वाटायचा थांबला. तुझ्या पाठीमागे उभी राहून मी इतकी मोकळी झाले होते की मला भीती वाटली, कुणाला दिसेल. म्हणून मी रागावले. राग दाखवणं सोपं होतं, तो सगळ्या घराला होताच. माझा आनंद एकटीचा होता, आणि मला तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

आठ महिने मी सोनगीरला आले नाही. भाऊ तर त्यानंतर तुझ्याशी कामापुरतंच बोलले. तुझं कार्ड मात्र दर महिन्याला यायचं. हप्ता गेला का? मीही दर महिन्याला पाकीट पाठवायचे. गेला. आठ महिन्यांत आपण एकमेकींना एवढंच लिहिलं, आणि आता वाटतं की त्या प्रश्नात बाकीचंही सगळं तू विचारत होतीस.

मग मला कावीळ झाली. दीड महिना बिनपगारी. दोन हप्ते चुकले आणि बँकेचं पत्र नियमाप्रमाणे जामीनदाराकडे गेलं, तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. तिसऱ्या दिवशी तू जळगावला आमच्या दारात. हातात बँकेचं पत्र आणि पिशवीत ऊस. मी अंथरुणातून उठायला लागले. तू म्हणालीस, "पडी ऱ्हाय. बरी व्हय पहिले." आठ दिवस राहिलीस. ऊस सोलून त्याचे करवे माझ्या हातात द्यायचीस, आणि भाऊंशी हवापाण्याचं बोलायचीस. दोन्ही हप्ते तू भरून आली होतीस. मी बरी झाल्यावर पहिल्या पगारालाच तू ते परत मागितलेस. मी म्हणाले, देते गं, पळून जातेय का?

"आजच दे," तू म्हणालीस. "नही तं मी मना जेठसारखी व्हई जासु."

आपण दोघी किती हसलो होतो. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मी तुला पुन्हा तू म्हणायला लागले.

शेवटची दोन वर्षं तुझी नजर जात चालली होती. मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन तू पुढे ढकलत होतीस. कार्डावरचं अक्षर अजून मोठं झालं, ओळ तिरकी जायला लागली, पण मजकूर तोच. मागच्या दिवाळीत तू एकदाच म्हणालीस, सहज, भाकरी थापताना: "मना जीव जावाना पहिले मनी सही सोडाय. दुसराना कागदवर सही ठेईसन माले मरनं नही." मी म्हणाले, असं काय बोलतेस. पण त्या दिवसापासून मी पगारातून जमेल तेवढं जास्त भरायला लागले.

साठावा हप्ता मी स्वतः धुळ्याला जाऊन भरला, मुदतीच्या चार महिने आधी. बँकेतल्या माणसाने जुनी फाईल काढली, तुझा-माझा कागद काढला आणि दोन्ही सह्यांवर शिक्का मारून मला परत दिला. माझी शाळकरी सही आणि खाली तुझी. मला तिथूनच सोनगीरला यायचं होतं. पण दुपारी कारखान्यात तपासणीला बाहेरची माणसं यायची होती, रजा अर्ध्याच दिवसाची होती. येत्या रविवारी जाऊ असं ठरवलं. ते जमलं नाही, आणि पुढच्या रविवारीही नाही. म्हणून सोमवारी पोस्टात गेले. पाकीट मागायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "एक पोस्टकार्ड द्या."

काउंटरवर उभं राहूनच लिहिलं. मोठ्या अक्षरात, तुझ्या पद्धतीने.

एसटीतून उतरून गल्लीत आले तेव्हा तुझ्या दारात माणसं होती. भाऊ आधीच पोचले होते. मी आत जायच्या आधी दाराकडे पाहिलं. चौकटीतल्या खिळ्याला, जिथे तू शाळेची किल्ली अडकवायचीस, तिथे माझं कार्ड होतं. पत्त्याची बाजू भिंतीकडे आणि मजकुराची बाजू गल्लीकडे.

मग मी आत आले, तुझ्याजवळ बसले, आणि तेव्हा रडले. पण कार्ड पोचलं नसतं तर जे रडणं आलं असतं, तसं ते नव्हतं. तुझा उजवा हात चादरीबाहेर होता. मला तेवढंच दिसत होतं की तो आता कुणाच्याच कागदावर नाही.

सगळं आटोपल्यावर भाऊ दाराशी उभे राहून कार्ड वाचत होते. त्यांनी ते दोनदा वाचलं असावं. त्यावर लिहिलं होतं: अक्का, साठावा हप्ता गेला. तुझी सही सुटली. चोपड्याचं मोडलं ते बरं झालं. मला तो पसंत नव्हता. मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

"चार वर्षं मी तिच्याशी धड बोललो नाही," भाऊ म्हणाले. "तू मला सांगायचंस ना."

"हो, भाऊ. सांगायला हवं होतं."

खिळ्यावरचं कार्ड थोडं तिरकं झालं होतं, ते त्यांनी सरळ केलं.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन काका भेटायला आले. ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, "तूच का ती जळगाववाली? तुनं कार्ड मीच वाचं. अक्काले दिसे नही ना." मी विचारलं, कधी? म्हणाले, गुरुवारी.

"तीन खेपा वाचं. पहिले घरमा वाचं. मंग म्हने, परत वाच. मंग म्हने, आठे नही, ओट्टावर ये, मोठा आवाजमा वाच. शेजारन्या बाया बी ऐकाले उन्यात."

"मग काय म्हणाली अक्का?"

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काय नही. हासनी. म्हने, पोर बोलनी."